एक वजा

१ सप्टेंबर, मंगळवार

ही वही मापांची आहे. डोळ्यांच्या हॉस्पिटलातल्या उशांचे अभ्रे, वॉर्डाचे पडदे, डोळ्यांवरच्या पट्ट्या, सगळ्यांची मापं यात. पहिली साठ-सत्तर पानं भरली, मागची कोरी आहेत. आजपासून त्यात हे लिहिते. कारण ज्यांना सांगायचं ते बोलत नाहीत, आणि बाकी कुणाला सांगितलं तर म्हणतील बाई भित्री आहे. मी भित्रीच आहे.

आज मेट्रनबाई शिवणखोलीत आल्या. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "गवत घोट्याच्या वर गेलंय. काल एक पेशंट पडला. डोळ्याला पट्टी, पायाखाली काय ते दिसत नाही. तुमच्या मिस्टरांचा पाय बरा होईपर्यंत मी थांबू शकत नाही."

मी म्हटलं, "मी कापते."

शब्द तोंडातून गेला आणि मग मला कळलं की मी काय बोलले. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी मोतीबिंदू काढते म्हणाले.

"चौदा तारखेपर्यंत," त्या म्हणाल्या. "नाहीतर मला बाहेरचा माणूस ठेवावा लागेल. आणि त्याला राहायला खोली द्यावी लागेल." आमच्या खोल्या दोन, त्याही यांच्या माळ्याच्या नोकरीबरोबर आलेल्या. पुढचं त्यांनी बोलायची गरजच नव्हती.

२ सप्टेंबर, बुधवार

शेडमध्ये गेले. गाडी तशीच उभी आहे, वर ताडपत्री. ही बसून चालवायची गवत कापायची गाडी. पोटाखाली पत्र्याचं मोठं झाकण, त्याला हे परात म्हणतात. परातीखाली दोन पाती शेजारी शेजारी गरगरतात.

परातीला भोक आहे. माझ्या मुठीएवढं. पत्रा आतून बाहेर उमललाय. तिथून पात्याचा तुकडा वर आला आणि यांच्या पोटरीत गेला. दुसरा तुकडा गवत फेकायच्या तोंडातून सुटला आणि बाकाच्या पाठीत रुतला. त्या बाकावर आमचे एक पेशंट, मास्तर, बसले होते. वीतभर अंतर होतं.

अठरा ऑगस्टला हे झालं. मी तेव्हा शिवणखोलीत होते, मशीन चालू होतं. आधी वाटलं कुणीतरी स्ट्रेचर आपटलं.

ताडपत्री परत घातली. दोरीची गाठ काही केल्या बसेना. पंचवीस वर्षं सुईत दोरा ओवतेय मी.

४ सप्टेंबर, शुक्रवार

घरात अजून तोच अबोला. लोक म्हणतात अपघातानं माणूस मऊ होतो. आमचे हे दगड झालेत. डॉक्टरांशी बोलतात, अँब्युलन्सच्या ड्रायव्हरशी हसतात, माझ्याशी चकार शब्द नाही. चहा ठेवला की पितात, कप सरकवतात. रागावलेत, दुसरं काय.

अबोला माझाच होता, हे खरं. नऊ ऑगस्टला मी धरला. यांनी माझी कापडाची कात्री गाडीचा रबरी पट्टा कापायला वापरली. कापडाची कात्री! कागदसुद्धा मी तिला लावू देत नाही. मी म्हटलं, "आता माझ्याशी बोलू नका." यांनी तेवढं मात्र आज्ञाधारकपणे ऐकलं. कात्रीपायी नवरा मरता मरता वाचला आणि तरी आमचं सुरू आहे. कुणी ऐकलं तर हसेल.

मला वाटलं होतं, शुद्धीवर आले की आधी माझं नाव घेतील. डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, आणि तोंड भिंतीकडे केलं.

५ सप्टेंबर, शनिवार

आज ड्रायव्हरला घेऊन गाडी जॅकवर चढवली. एक पातं मोडलं, त्याचं नुसतं बूड उरलंय. दुसरं शाबूत आहे, पण वाकलंय आणि टोकाला ताजे ओरखडे. ते काढलं.

मी पातं कधी हातात धरलं नव्हतं. केवढं जड! धार फक्त दोन टोकांना, मधे सपाट पट्टी, पाठीमागे पंखासारखी वळवलेली कड. तो पंख वारा करतो, गवत उभं करतो, मग धार कापते. ड्रायव्हर म्हणाला, "यात प्रकार असतात वहिनी. उंच पंखाचं गवत लांब फेकतं. भुगा करणारं वेगळं. आणि मधलं भोक बघून घ्या. गोल असतं, पाच टोकांची चांदणी असते, सहा टोकांची असते. चांदणी चुकली की पातं आत घसरतं आणि..."

"पुढचं सांगू नका," मी म्हटलं.

मग मला जे येतं ते मी केलं. ब्राऊन कागद पसरला, पातं ठेवलं, पेन्सिलीनं खाका काढला. भोकाचा वेगळा. सहा टोकं. माझ्या कापडी टेपनं लांबी घेतली, सव्वाएकवीस इंच. या वहीत मागे पाहिलं तर तेरा ऑगस्टला नोंद आहेच, अभ्र्यांच्या खाली, माझ्याच अक्षरात: 'गाडीची पाती, ५४, दोन नग'. सव्वाएकवीस म्हणजे चोपन्न सेंटीमीटरच. जुळलं. तेवढाच जिवाला आधार.

गाडीच्या पट्टीवर पात्याचं माप कोरलेलं असतं म्हणे. पाहिलं. पाच वाचता येतो, पुढचा आकडा गंजलाय.

७ सप्टेंबर, सोमवार

हंकाकांच्या दुकानात गेले. सुट्या भागांचं दुकान आहे, नाव वेगळं काहीतरी आहे, पण ते सगळ्याला 'हं' म्हणतात म्हणून आम्ही हंकाका म्हणतो. मोडलेली पाती काकांकडूनच घेतली होती. लावून तीनच दिवस झाले होते! तीन दिवसांत लोखंड मोडतं का? कच्चं दिलं असणार. मी ठरवूनच गेले होते की बोलायचं.

म्हटलं, "काका, तुमच्या पात्यानं माझा नवरा गेला असता."

"हं," ते म्हणाले.

"मास्तर गेले असते!"

"हं."

"असलं लोखंड विकताना हात कसा थरथरत नाही तुमचा?"

त्यांच्या गल्ल्याशेजारी एक खिळा आहे, त्यावर गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या टोचलेल्या. त्यावर हात ठेवून ते बराच वेळ उभे राहिले. चिठ्ठ्या जरा चाळल्या. माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता भांडतील. मग हात काढून घेतला आणि म्हणाले, "या वेळी त्रेपन्न न्या बाई."

मी खाका दाखवला. "हे बघा, चोपन्न आहे. मी शिवणकाम करते, मला माप शिकवू नका."

"त्रेपन्न न्या," परत तेच. जन्मात इतके शब्द बोलले नसतील. म्हणजे पडून राहिलेला माल माझ्या गळ्यात मारायचा! बाईमाणूस पाहिलं की सगळ्यांनाच वाटतं हिला काय कळतंय. मी खाका गुंडाळला आणि बाहेर पडले.

रस्त्यात मात्र विचार आला. मी त्यांना बोलताना एवढी मोठ्यानं का बोलले, कळत नाही.

८ सप्टेंबर, मंगळवार

जेवताना भिंतीला सांगितलं, "हंकाकांची तक्रार करणार आहे मी. त्यांचं दुकान बंद पडलं पाहिजे."

यांचा घास हातातच राहिला. चेहरा पांढरा झाला. मला वाटलं पाय दुखला. ताट सरकवून कुबड्या घेऊन आत गेले. बघा, गिळता येईना इतका राग. तो राग माझ्यावर आहे की काकांवर, ते तरी सांगा.

तक्रार लिहायला बसले पण राहिली. आधी गवत.

१० सप्टेंबर, गुरुवार

दुपारी मास्तर बाकावर होते. दोन्ही डोळ्यांना पट्टी, महिना झाला. पाय वाजले की माणूस ओळखतात. म्हणाले, "बाई, त्याची तब्येत कशीय?"

मी म्हटलं, "पाय ठीक आहे. जीभ गेलीय."

ते हसले नाहीत. म्हणाले, "आदल्या दिवशी मी त्याला सांगितलं होतं. गाडीचा आवाज बदलला होता. टिक, टिक, टिक. जसं घड्याळ खाली ठेवलंय. तो म्हणाला, नवी पाती आहेत मास्तर, बसतील हळूहळू."

म्हणजे बघा! लोखंड आधीपासूनच तडकत होतं. मी तक्रारीत हे लिहिणार.

मास्तरांनी विचारलं, "आता तुम्ही चालवणार म्हणे?"

"हो."

"भीती वाटते?"

त्यांना दिसत नाही म्हणून मान हलवली. ते म्हणाले, "मला पण. मी त्या दिवशी खोलीत बसेन." मी म्हटलं बसाच.

नंतर पडद्याचं माप घ्यायला गेले तर यांची लोखंडी टेप मिळेना. अख्खं घर पालथं घातलं. ती टेप म्हणजे एक ध्यान आहे. तोंडाचा एक सेंटीमीटर तुटलाय, म्हणून एकच्या रेघेपासून माप धरायचं. हे आकडा ओरडतात, मी वही घेऊन "एक वजा" म्हणते आणि एक कमी करून लिहिते. बारा वर्षं हाच धंदा. नवी घ्या म्हटलं की म्हणतात, "तू आहेस ना वजा करायला." वाढदिवसालासुद्धा वय सांगितलं की मला डोळा घालतात आणि म्हणतात, एक वजा.

शेवटी टेप सापडली ती यांच्या गादीखाली. तिथं कशाला ठेवलीय कोण जाणे. कात्रीचा सूड असेल. होती तिथं ठेवली आणि पडदे माझ्या टेपनं मोजले.

११ सप्टेंबर, शुक्रवार

बसनं दुसऱ्या टोकाच्या बाजारात गेले. तिथल्या दुकानात मुलगी होती काउंटरवर, चटपटीत. खाका बघून म्हणाली, "असं कुणीच आणत नाही हो, सगळे म्हणतात ते लांबडं द्या." भोक सहा टोकांचं, जाडी तीच, उंच पंखाचं. "लांबी?" म्हणाली. मी छाती पुढे काढून सांगितलं, चोपन्न. तिनं दोन काढून दिली. मी दोन्ही नखांनी वाजवून पाहिली, मडकं वाजवतात तशी. आवाज खणखणीत होता. हे लोखंड कच्चं नाही.

घरी काही बोलले नाही. कुणाला सांगणार?

१२ सप्टेंबर, शनिवार

ड्रायव्हरनं परातीच्या भोकावर पत्रा बसवून दिला आणि तो फेरीवर गेला. पाती मी एकटीनं चढवली. पात्यावर शिक्का असतो, तो खाली गवताकडे ठेवायचा. पंख वर. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा बसलं. मधे लाकडाचा ठोकळा अडकवून नट आवळला, अंगात होता तेवढा जोर लावला.

मग हातानं फिरवून पाहिलं. दोन्ही पात्यांची टोकं मधे समोरासमोर येतात. लागत नाहीत. पण अगदी जवळून जातात. खाक्याचा कागद मधे सरकवला, तो अडखळत गेला. मला बरं वाटलं. अंगाबरोबर बसलेला ब्लाऊज. ढगळ काम मला आवडत नाही.

खोकं चांगलं जाड पुठ्ठ्याचं आहे. दोऱ्याची रिळं ठेवायला घरी आणलं.

उद्या सकाळी. पेशंट नाश्त्याला आत असतात तेव्हा. सकाळपासून तीन वेळा वाटलं मेट्रनबाईंकडे जावं आणि म्हणावं, ठेवा तुमचा माणूस, आम्ही जातो. तीन वेळा चपला घातल्या, तीन वेळा काढल्या. मला मरायची भीती नाही म्हणणार होते, पण वही आहे, खोटं कशाला. आहे. फार आहे. आणि त्याहून जास्त, एखादा पट्टीवाला माणूस चुकून बाहेर यायची.

१३ सप्टेंबर, रविवार

अक्षर बघा.

सकाळी गाडीवर बसले. जाड बूट, यांची जाड पँट, कानात कापूस. चावी फिरवली. इंजिन धडधडलं आणि सीटखालून पार दातांपर्यंत आलं. गाडी गवतात नेली. पात्यांचा खटका वेगळा असतो, पिवळा. तो ओढला की पाती फिरायला लागतात. त्यावर हात ठेवला. ओढवेना. आकडे मोजले. दहा झाले, वीस झाले. ठरवलं तीसला ओढायचं.

सत्तावीसला हे दिसले.

कुबड्यांवर. एका पायात चप्पल, दुसरा पाय पट्टीत, उंच गवतातून पडत-झडत येताहेत. महिनाभर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. येऊन कुठं उभे राहावेत? गवत फेकायच्या तोंडासमोर! गेल्या वेळी तुकडा गेला त्याच बाजूला. मला शिकवलं कुणी की त्या बाजूला मांजरसुद्धा उभं राहता कामा नये? यांनीच!

"बाजूला व्हा!" मी ओरडले. "अहो, मरायचंय का?"

इंजिनच्या आवाजात काय ऐकू जाणार. त्यांचं तोंड हलत होतं, मला काही कळेना. काखेत पुठ्ठ्याचं खोकं धरलं होतं, माझं रिळांचं. मला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. मग एक कुबडी पडली. यांनी मोकळा हात वर केला आणि एक बोट दाखवलं. फक्त एक. आणि ते बोट खाली केलं. परत वर, परत खाली.

मी चावी बंद केली.

एवढी शांतता मी ऐकली नव्हती. त्यात हे म्हणाले, "एक वजा."

पाच आठवड्यांनी माझ्याशी बोललेले पहिले शब्द.

मी म्हटलं, "काय एक वजा?" आणि म्हणता म्हणता मला तेरा ऑगस्ट दिसला. हे अंगणात जुनं पातं मोजत होते, तुटक्या टेपनं. मी दारात वही घेऊन बसले होते, आमचा अबोला. यांनी आकडा मला नाही, हवेला सांगितला, "चोपन्न." मी हूं की चूं केलं नाही. तोंड उघडलं तर अबोला मोडला असता. गाल फुगवून चोपन्न लिहिलं, वहीत आणि चिठ्ठीवर. चिठ्ठी यांच्यापुढे फेकली. हे ती न वाचता दुकानात घेऊन गेले. का वाचतील? बारा वर्षं मीच वजा करते.

जुनं पातं त्रेपन्नचं होतं. चोपन्नची टोकं वेगात एकमेकांना लागत होती. टिक, टिक. लोखंड कच्चं नव्हतंच.

मी गाडीवरून उतरले नाही, घसरले. गवतात बसून घेतलं. हेही शेजारी बसले, पाय पुढे काढून.

"कधीपासून माहीत होतं तुम्हाला?"

"शुद्धीवर आलो तेव्हापासून. पडल्या पडल्या तोच हिशोब करत होतो, काय चुकलं म्हणून."

"आणि बोलला नाहीत? महिनाभर? मी काकांना नाही नाही ते बोलून आले!"

"काय बोलू? तोंड उघडलं की तेच बाहेर पडलं असतं. म्हणून उघडलंच नाही." गवताची काडी मोडत म्हणाले, "काकांना मी दवाखान्यातूनच फोन केला होता. पाती न्यायला कुणीही आलं तर त्रेपन्न द्या, बाईला काही सांगू नका. मला काय ठाऊक तू दुसरीकडून आणशील. सकाळी खोकं दिसलं. त्यावर चोपन्न."

मी रडले. मोठ्यानं, लाज न बाळगता. यांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "चुकीत माझाही वाटा आहे. कात्री मीच वापरली."

मी म्हटलं, "ती तर वापरलीतच." आणि परत रडले.

१४ सप्टेंबर, सोमवार

दुकान उघडायच्या आधीच जाऊन उभी राहिले. हंकाकांनी शटर वर केलं, मला पाहिलं, आत गेले. कागदात बांधलेली दोन पाती गल्ल्याखालून काढली. त्रेपन्न. सात तारखेपासून माझ्यासाठी बाजूला काढून ठेवली होती.

मी म्हटलं, "काका, चूक माझी होती. मला माफ करा."

त्यांनी खिळ्यावरून एक चिठ्ठी काढली आणि माझ्या हातात दिली. माझं वळणदार अक्षर. त्या दिवशी नुसती दाखवली असती तर मी तिथंच संपले असते. तक्रार झाली असती तर हीच चिठ्ठी त्यांना वाचवणार होती, आणि ती ते मला देऊन टाकत होते.

"माफ केलं ना?"

"हं," ते म्हणाले.

पाती चढवली. या वेळी हे स्टुलावर बसून बघत होते. टोकांच्या मधून करंगळी आरामात गेली. मास्तर खोलीच्या खिडकीशी बसले होते, कान बाहेर. मेट्रनबाई घड्याळ बघत व्हरांड्यात. हे माझ्या पाठीमागे, भिंतीच्या आड, जिथं मी बसवलं तिथं.

पिवळा खटका ओढला. डोळे मिटले होते, ते आधी उघडले. टिकटिक नव्हती. नुसता एकसुरी आवाज, माझ्या मशीनसारखा. पूर्ण मैदानाला अडीच तास लागले आणि त्यातले अडीच तास मी घाबरलेली होते. रेघा वाकड्या आल्यात. मेट्रनबाई म्हणाल्या, "चालेल." मास्तर खिडकीतून म्हणाले, "छान वास आलाय."

खोली राहिली. भीतीही राहिलीय. पुढच्या सोमवारी परत बसायचंय तेव्हा ती आधी येऊन बसलेली असेल.

यांना म्हटलं, आता तरी नवी टेप आणू. हे म्हणाले, आणू. मग थोड्या वेळानं म्हणाले, "जुनी ठेवू पण."

संध्याकाळी वही मागे उलटली. तेरा ऑगस्ट. अभ्रे चाळीस, पट्ट्या दोन डझन, गाडीची पाती ५४. त्या आकड्यापुढे आज लिहिलं, एक वजा. लिहिताना मोठ्यानं म्हटलं, म्हणजे आतल्या खोलीत ऐकू जाईल. शाई वेगळी दिसते. दिसू दे.